मला पिवळा रंग दिला त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एका वाचनालयाची जुनी इमारत आहे. अंगाने राखाडी, सगळी काँक्रीटची, गिलावा नावालाही नाही. लाकडी फळ्यांच्या साच्यात मला ओतलं. साचा बांधणारा सुतार महा चिकट माणूस. "फळीची रेघ भिंतीवर उमटणार, ती नीट हवी," म्हणत एकेका फळीवर तो पुन्हा पुन्हा रंधा मारायचा. साचा निघाला तेव्हा लाकडाच्या रेघा माझ्या अंगभर उमटल्या होत्या.

लोकांनी मात्र नाकं मुरडली. "गिलावा कधी करणार?" असं जो तो विचारायचा. माझं नाव पडलं 'अर्धवट'. फार लागायचं मनाला. पुढे माझ्या पायऱ्यांवर कितीतरी पोरं परीक्षेचा अभ्यास करून मार्गी लागली, दोन-चार लग्नंही जमली, आणि तेच नाव लाडाचं झालं. "अर्धवटपाशी भेटू," असं सारं शहर म्हणू लागलं.

मला पन्नास वर्षं झाली तेव्हा सगळ्यांना माया दाटून आली. बिचारीला आता पूर्ण करू या, असं ठरलं. काका-मावश्या ब्रश घेऊन हजर. पिवळाधमक ऑइलपेंट, चांगले दोन हात. सुताराची मुलगी इथली ग्रंथपाल. ती परोपरीने सांगत होती, "बाबांच्या रेघा आहेत हो त्या. आधी गच्चीची गळती बघा."

"अगं, गच्ची कोण बघतंय? ही बघ कशी नटलीय," मावश्या म्हणाल्या. खरं सांगते, मीही हुरळून गेले.

पूर्वी गच्चीतून मुरलेलं पाणी भिंतीवाटे उन्हात सुकून जायचं. आता रंग त्याला बाहेर पडू देईना. आतल्या सळ्या गंजत गेल्या आणि सात वर्षं वरून काहीच दिसलं नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी छताचा मोठा तुकडा वाचनाच्या टेबलावर कोसळला. इंजिनिअरने हातोडीने ठोकून पाहिलं. "रंगाने ओल कोंडली. आता पाडण्यावाचून इलाज नाही," तो ग्रंथपालबाईंना म्हणाला.

काल लोक निरोपाला आले. निवृत्त पोस्टमास्तर खांबावरून हात फिरवत म्हणाले, "बाई, हा खांब मी रंगवला होता. एक थेंब खाली सांडू दिला नाही."

"छान रंगवलात, काका," ती म्हणाली, आणि आत जाऊन रिकाम्या कपाटांपाशी रडली.

मित्रांनो, तुम्हीही काकांना काही सांगू नका. पण कुणावर माया कराल, तेव्हा त्याला आधी विचारा, तुझं दुखतंय कुठे. माझी नुसती गच्ची गळत होती.