तळ्याकडची खोली

वर्ना श्टोल्ट्झने एकोणीस वर्षांत हेरॉन बे या करमणुकीच्या पार्कच्या हॉटेलात पूर्ण भाडं कधी भरलं नव्हतं, आणि ही गोष्ट ती ओळखदेख नसलेल्यांनाही सांगायची. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई. पार्कपासून वीस मिनिटांवर, फ्लोरिडातल्या किसिमीत राहायची, तरी वर्षातून एकदा दोन रात्री हॉटेलात काढल्याशिवाय तिला चैन पडत नसे. वार्षिक पासवाल्यांना दरवर्षी एक चुंबकाचं चित्र मिळतं. तशी एकोणीस चित्रं तिच्या गाडीच्या पाठीवर ओळीने चिकटलेली होती. पास असून पूर्ण भाडं भरणारा माणूस एक तर नवखा, नाहीतर येडा, असं तिचं ठाम मत होतं आणि पासवाल्यांच्या ग्रुपवर तिच्या शब्दाला वजन होतं.

तिची रीत सोपी होती. खोली आधी पूर्ण भाड्याने धरून ठेवायची. महिनाभर आधी पासवाल्यांचा सवलतीचा दर उघडतो. तो उघडला की हातातली खोली सोडायची आणि तीच खोली नव्या दराने घ्यायची. ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना हे तिनेच शिकवलं होतं.

यंदा मात्र खोली तिच्या हौसेसाठी नव्हती. मिनेसोटाहून तिची थोरली बहीण मार्लिस येणार होती. मार्लिसची फुप्फुसं संपत आली होती. कुठे जायचं असेल तर ईस्टरच्या आधी जाऊन या, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"ती तुझी होड्यांची मिरवणूक," मार्लिस फोनवर म्हणाली होती. "इतकी वर्षं फोटो पाठवून डोकं खाल्लंस. आता एकदा बघू दे."

मिरवणूक सकाळी आठला, पार्क उघडायच्या आधी निघते. तळ्याचा काठ तेव्हा बंद असतो. दिसते ती फक्त हॉटेलच्या तळ्याकडच्या बाल्कन्यांतून. वर्नाने ऑक्टोबरातच तशी खोली धरून ठेवली.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सातला दर उघडला. वर्नाने सवयीने आधी हातातली खोली सोडली. मग नवी यादी उघडली तर तिच्यात फक्त गाड्यांच्या पार्किंगकडच्या खोल्या. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की तळ्याकडच्या खोल्यांना यंदा सवलत नाही. ती घाईघाईने पूर्ण भाड्याकडे परत गेली. सगळं मिळून चार मिनिटं झाली असतील. तेवढ्यात तिची खोली कुणीतरी उचलली होती.

तिने गाड्यांच्या बाजूची खोली घेतली. पुढचा महिनाभर ती दिवसातून दहा वेळा यादी उघडून बघत होती. शेवटच्या दिवशी कुणीतरी सोडतंच, हे तिनेच कितीजणांना सांगितलं होतं. मार्लिसला ती एका शब्दाने बोलली नाही.

पोचल्या त्या दुपारी मार्लिसला लॉबीतल्या झुलत्या खुर्चीत बसवून वर्ना एकटीच काउंटरवर गेली. तिथल्या ओस्वाल्डोने संगणकात पुन्हा पुन्हा पाहिलं.

"एकही नाही, मॅडम. आज कुणी सोडलीच नाही."

"पूर्ण भाडं घ्या," वर्ना म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होते. "दुप्पट घ्या."

"भाड्याचा प्रश्न नाही हो. खोलीच नाही."

"एकोणीस वर्षं पास आहे माझा."

"दिसतंय मला," तो हळू आवाजात म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

खोलीत शिरल्यावर मार्लिस ऑक्सिजनची चाकांची नळकांडी ओढत सरळ खिडकीपाशी गेली. पडदा सारून तिने खाली पाहिलं.

"तुझी गाडी दिसतेय," ती म्हणाली. "चुंबकं मोजता येतात."

वर्नाने मग सगळं सांगून टाकलं. मंगळवार, चार मिनिटं, बारीक अक्षरं. सांगताना तिला स्वतःचीच शिसारी आली.

"किती वाचणार होते?"

"दोन रात्रींचे चारशे बारा डॉलर."

मार्लिस हसली, मग खोकली, मग नाकातली नळी नीट करून पलंगावर टेकली. "लहानपणी आइसक्रीमवाला जायच्या वेळी भाव उतरवतो म्हणून तू थांबायचीस. मी आपली आधीच खाऊन मोकळी." थोडा दम घेऊन ती म्हणाली, "मला विचारायचंस, वर्ना. मी भरले असते. मी आता कशासाठी वाचवू?"

 वर्ना बॅगेतून कपडे काढून उगाच कपाटात लावत बसली.

सकाळी साडेसातला ती पुन्हा खाली जाऊन आली. ओस्वाल्डोच्या जागी दुसरीच मुलगी होती. तिनेही नाही म्हटलं. काठाकडच्या दारावरच्या रखवालदाराने आजारी बाईसाठीसुद्धा दार उघडता येणार नाही म्हणून माफी मागितली.

बरोबर आठला इमारतीच्या पलीकडून ढोल ऐकू आले. मार्लिस खिडकीशी खुर्चीत बसली होती, गाड्यांकडे तोंड करून.

"सांग," ती म्हणाली. "पहिली कुठली?"

"बगळ्याची. पंख हलतात तिचे. ढोलवाले तिच्यातच असतात."

"मग?"

"मगरीची. जबडा उघडते आणि आतून पोरं हात हलवतात. तिसरी संत्र्यांची, काठोकाठ भरलेली." वर्ना खुर्चीमागे उभी राहून सांगत गेली. कासवाची, सूर्यफुलांची, म्हाताऱ्या कोळ्याची. मार्लिस मान हलवत ऐकत होती. खाली एक बाप डिकीत सामान भरत होता. सातवी होडी राणीची, पांढरी, सगळ्यात शेवटची. तिचं शीड किती उंच असतं तेही वर्नाने सांगितलं.

पलीकडचे ढोल थांबले.

"संपलं?" मार्लिसने विचारलं.

"नाही," वर्ना म्हणाली. "अजून एक आहे."

मार्लिस वाट बघत राहिली. वर्नाने तिच्या खांद्यावर हात ठेवला, बोलायला तोंड उघडलं, आणि त्या आठव्या होडीत काय असतं ते तिला काही केल्या सांगता येईना.