शेवटच्या ओळीची एक फेरी

सुरजनं लॅपटॉपचं झाकण आपटलं, परत उघडलं. आलेख तसाच.

ईट गावात घरी बसून, व्हिडिओ बघत बघत, पठ्ठ्या रेडिओलाटांचं सिम्युलेशन शिकला होता. उमरग्याची मामेबहीण शिवप्रिया पुण्यात संशोधन करायची. तिनं त्याला काम दिलं होतं: अँटेनातून निघालेली लाट प्लास्टिकच्या जाड पट्टीतून पार होईस्तोवर किती मागं पडते, म्हणजे तिची फेज, काढून दे. संध्याकाळपर्यंत उत्तर गणिताशी जुळलं तर तिचे सर त्याला टीममध्ये घेणार. न्हाय जुळलं तर दुसरा पोरगा तयारच होता.

गणित सांगत होतं, लाट दोन फेऱ्या, म्हणजे तिची दोन पूर्ण आवर्तनं, आणि वर थोडी मागं पडायला पाहिजे. सुरजचा कोड सांगत होता, नुसती थोडी. दोन फेऱ्या गेल्या कुठं?

देवळापुढं यात्रेच्या लेझीमची तालीम चालली होती. पुढं हलगी, हलगीजवळ त्याची थोरली बहीण प्रतीक्षा, मागं पोरींच्या ओळी. डोकं उठलं म्हणून सुरज पारावर जाऊन बसला. पहिली ओळ वाकली की शेवटचीबी वाकायची. झकास.

प्रतीक्षानं हात वर केला. हलगी थांबली, पहिली ओळ थांबली. शेवटची ओळ मात्र अजून एक अख्खी फेरी खेळली, मग थांबली. सगळा पार हसला.

"काय गं, तुमची यात्रा उद्या हाय का?" प्रतीक्षा म्हणाली.

"आमी पुढच्या ओळीकडं बघून करायलोय की, ताई."

"आन् ती तिच्या पुढच्या ओळीकडं. हलगी कोण ऐकायलंय मग?"

सुरज उठून उभाच राहिला. प्रत्येक ओळ जराशी मागं. जरा जरा करत शेवटची अख्खी फेरी मागं. आणि अख्खी फेरी मागं असली की बघणाऱ्याला वाटतं, बरोबरच चाललंय. त्यानं लाट नुसती दोन टोकांना मोजली होती. मधल्या ओळी बघितल्याच नव्हत्या.

पळतच घरी. पट्टीत जवळजवळच्या जागी लाट मोजली, दर जागी ती आधीच्यापेक्षा किती मागं ते काढलं, बेरीज करत गेला. दोन फेऱ्या आणि वर थोडी.

पाठवल्या पाठवल्या शिवप्रियाचा फोन. "जुळलं रे सुऱ्या. सर म्हणले, घ्या त्याला. सापडलं कसं पण?"

"लेझीम बघून."

"खरं सांग की."

"खरंच सांगायलोय. ऐक," म्हणत त्यानं फोन खिडकीबाहेर धरला.

मग तो परत गेला आणि पोरींच्या ओळींच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"तू काय करायलास हितं?" प्रतीक्षा ओरडली.

"तुझ्या मधल्या ओळी बघायलोय, ताई. वाजवू दे हलगी."