ओंडक्याची दोन तोंडं

मित्रांनो, माझ्या तोंडावर एक पान कोरलेलं आहे आणि तेही उलटं. ओंडक्यावर आपटलं की ते सुलट उमटतं. सरकारी वनकंपनीच्या लाकूड आगारातला मी जुना ठशाचा हातोडा. माझा ठसा म्हणजे 'हे लाकूड कंपनीचं'.

मला घडवणारा लोहार म्हणाला होता, "हा कधी खोटं बोलणार नाही." मी बोललो नाही. पण वाचणाऱ्यांचं मी काय करणार?

तीस वर्षं मी आगाररक्षकाच्या हातात होतो. त्यांना सगळे ठसेकाका म्हणत. चोर ठशाचं टोक करवतीने उतरवून टाकत, म्हणून काका दोन्ही टोकांना ठसा मारत. इकडे ठक्, मग थप्पीला वळसा, तिकडे ठक्.

पुढे कंपनीला नवी करवतयंत्रं हवीशी झाली. कर्जासाठी बँकेने तारण मागितलं, कंपनीने आगारातले ओंडके पुढे केले. मुख्य कचेरीतून चकचकीत बुटांचा एक कारकून आला. त्याने सकाळी थप्प्यांच्या एका बाजूने ठसे मोजले, जेवून आल्यावर दुसऱ्या बाजूने, आणि बेरीज केली. चार हजार आठशे ओंडके! मी चक्रावलो. इतक्यांशी माझी ओळख कधी झाली? पण हातोड्याला कोण विचारतो? मोठ्या साहेबांनी माझ्याहून जोरात सही ठोकली. आकडा गुबगुबीत, कर्जही गुबगुबीत.

वर्षभर तारणातल्या एकाही ओंडक्याला कुणी हात लावला नाही. मग हिशेबतपासनीस बाई आल्या. त्यांनी ओंडके मोजले, तर दोन हजार चारशेच! उरलेले गेले कुठे?

"किल्ल्या यांच्याकडे असतात," साहेब काकांकडे बोट दाखवून म्हणाले.

काकांच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते. पेन्शन अडकणार, वर चोरीचा डाग. माझ्या दांड्यावर त्यांचा तळवा घामाने घसरत होता.

बाईंची नजर माझ्यावर खिळली. "काका, ठसा मारता कसा, दाखवा तरी."

ठक्. काका वळसा घालून गेले. ठक्.

"अहो, एकाच ओंडक्याला दोनदा?"

"बाईसाहेब, ओंडक्याला दोन तोंडं असतात की!"

बाई हसल्या, मग हसता हसता थांबल्या. "साहेब, निम्मं कर्ज तुम्ही न उगवलेल्या झाडांवर काढलंय."

"मी फक्त सही केली हो."

"तेच तर म्हणतेय मी."

काका सन्मानाने घरी गेले. कर्ज अजून फिटतंय आणि निम्मी यंत्रं झाकून ठेवली आहेत. मी काचेच्या कपाटात असतो. शेजारी बाईंनी लिहून दिलेला नियम टांगलाय : सही करणाऱ्याने आधी थप्पीभोवती स्वतः फेरी मारावी.

मित्रांनो, मला अधूनमधून तेलाचं बोट लावा, गंज चढतो. आणि कुणी गुबगुबीत आकडा पुढे केला, तर जरा वळसा घालून पलीकडून बघा. बहुतेक तिथेही तोच ओंडका असेल.