परळातला उंबर

कमलाकांत कुंपणाशी येऊन उभा राहिला तेव्हा मी उंबराला पाणी घालत होतो. कमलाकांत म्हणजे माझ्या बायकोचा, जमनाचा, धाकटा भाऊ. पालघरच्या दवाखान्यात त्याला तिच्याजवळ बसवून मी आदल्या संध्याकाळी घरी आलो होतो. तो पहिल्या एस.टी.नं आला होता. पायात चपला नव्हत्या.

"भावोजी, चला," तो म्हणाला.

"कशी हाय?"

तो नुसतं पुन्हा "चला" म्हणाला. मला कळलं. तांब्यात अर्धं पाणी उरलं होतं. ते झाडाला घातलं, तांब्या पालथा ठेवला आणि त्याच्याबरोबर निघालो.

घरी मला जमनानंच पाठवलं होतं. कावीळ झालेली, डोळे पिवळे, बोलताना धाप लागत होती. वैशाख होता.

"दोन दिस झाले, झाडाला पानी नाय," ती म्हणाली.

"शेजारी रंभाबाई हाय की, ती घालंल."

"ती एकतर बादलीभर ओतंल, नायतर इसरंल. तुमीच जा. सकाली या परत."

मी गेलो. सकाळी परत यायच्या आतच ती गेली.

झाड केवढं, तर हातभर. त्याची गोष्ट अशी. बासष्ट साली आमच्या पाड्यावर मोजणीची माणसं आली. वीजघरासाठी जमीन लागणार होती आणि समुद्राकाठची आमची वीस घरं त्यात जात होती. पाड्याच्या मध्ये एक जुना उंबर होता. पश्चिमेचा वारा खाऊन खाऊन सगळा पूर्वेला कललेला. एक फांदी इतकी खाली आली होती की बायका तिच्यावर बसून जाळी विणायच्या.

"घरं नेता येतील," जमना म्हणाली, "ह्याला कसा नेनार?"

विहिरीच्या दगडांत त्याचंच एक रोप उगवलं होतं. ते तिनं मुळासकट ओढून काढलं आणि परळात लावलं. परळ म्हणजे मातीचं पसरट भांडं. त्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली. उचलून नेता यावं म्हणून झाड लहान ठेवायचं, एवढंच तेव्हा तिच्या मनात होतं. नवी जागा मिळाली की जमिनीत लावायचं.

पहिल्याच वर्षी माघात त्याची सगळी पानं गळली. मेलं समजून मी ते उकिरड्यावर टाकलं. जमना बाजारातून मासळी विकून आली, रिकामी पाटी तशीच डोक्यावर, आणि उकिरड्यावर गेली. परळाची कड फुटली होती. मोठ्या उंबराकडे बोट दाखवून म्हणाली, "त्याची तरी हायत का पानं? डोले हायत का नाय तुमाला?" दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चैत्रात तांबूस पालवी फुटली तेव्हा बोलली.

पुढं तिला नाद लागला. पानं झडली की फांद्या नीट दिसतात, म्हणून ती त्याच दिवसांत काम करायची. मोठ्या झाडाकडे जायची, बराच वेळ बघायची, परत येऊन लहान्याची फांदी वाकवायची. जाळं बुडावं म्हणून लावतात ते शिसं जाळ्याच्याच सुतानं फांदीला टांगायची, म्हणजे ती हळूहळू खाली यायची. सूत फांदीच्या सालीत रुतायच्या आत ते सोडून पुढं बांधायची. नको ती फांदी कापायची आणि पांढरा चीक आला की वर राख दाबायची. पावसाच्या तोंडाला झाड उपटून मुळंसुद्धा कापायची. ते बघायला नको म्हणून मी बाहेर निघून जायचो.

शेजारची रंभाबाई कुंपणावरून बघायची. "कायगं जमना, वामनला पन असाच बांदून ठेवला व्हता काय? म्हनून वाडला नाय!"

वामन म्हणजे मी; उंची पाच फूट. जमना म्हणाली, "तुज्या नवऱ्याला बांदायला पायजे व्हता. वाडला, पन निसता ताडासारका!"

मी तिला एकदा विचारलं, "जमिनीतच लावायचं तर एवढी मेहनत कशाला?"

"नव्या जागंत जानार ते. त्याला आपल्या आयचं तोंड ठावं नको?"

चौसष्ट साली आम्ही पाडा सोडला. बोईसरच्या वाटेवर पत्र्याच्या शेडी होत्या, तिथं आलो. मी होडी सोडून पाण्याच्या पंपावर कामाला लागलो. परळ जमनानं डोक्यावरून आणलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मोठा उंबर त्याच वर्षी कापला. ती बघायला गेली नाही. त्यानंतर वाकवताना बघायला काही नव्हतं, तरी तिचा हात चुकला नाही. लहान्यावरची ती जाळी विणायची फांदी वीतभर लांबीची झाली, तशीच खाली आलेली.

ती गेली सदुसष्ट साली. अडुसष्टला आम्हाला जागा मिळाली. मी घर बांधलं आणि अंगणात उंबरासाठी कंबरभर खड्डा काढला.

मागच्या चैत्रात माझी मुलगी हंसा सासरहून, मुरब्याहून आली. खड्ड्यात पाला साचलेला बघून म्हणाली, "बाबा, आयनं काय सांगितलं व्हतं?"

"लावतो. पाऊस होऊ दे."

"गेल्या साली पन हेच बोललात. एक दिस तुमी आजारी पडलात, तर पानी कोन घालंल? एका उनात मरंल ते."

ती म्हणते ते खरं आहे. पण उंबर जमिनीत गेला की दोन-तीन वर्षांत माझ्या डोक्यावर जाईल. खोड फुगेल, नव्या फांद्या येतील, आणि जमनानं वाकवलेली कुठली, ते मलाही ओळखता येणार नाही. हंसाला मी हे सांगितलं. ती मग परळाजवळ बसली आणि त्या खालच्या फांदीखाली बोट धरलं. लहानपणी ती मोठ्या झाडाच्या त्याच फांदीवर झोपायची.

"तरी लावा," ती म्हणाली.

यंदाचा पाऊसही होऊन गेला. खड्ड्यातला पाला मी काढला, कडेची माती सारखी केली. झाड अजून परळातच आहे.