श्वासाच्या मागून गाणारी

"हेस्टर, तुझ्या गाण्याला कुणी नावं ठेवत नाहीये गं," ब्रॅडली म्हणाला. मरणपंथाला लागलेल्यांच्या शुश्रूषागृहाचा हा नवा व्यवस्थापक वाईट बातमी द्यायच्या आधी समोरच्याला कॉफी पाजायचा. "पण नर्स म्हटलं की कंपनीला कळतं, पाद्री म्हटलं की कळतं. गाणारीला मी बसवू कुठं?"

"इतकी वर्षं बसले तिथंच. पलंगाशेजारी."

ब्रॅडली हसला नाही. "गाणी काही बंद होणार नाहीत. तू मध्यंतरी रेकॉर्ड करून दिलीस ना, तीच आता प्रत्येक खोलीत लावू. उलट तुझा आवाज जास्त लोकांना मिळेल."

हेस्टरने कपाळाला हात लावला. आपलं काम नव्या मालकांना उमगावं म्हणून तिने ती गाणी हौसेने गाऊन दिली होती. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा म्हणजे आणखी काय करायचं असतं!

व्हरमाँटच्या डोंगरातलं तिचं कॉलेज तसं जगावेगळंच. तिथे मुलांनी आपला अभ्यासक्रम आपणच जुळवायचा, पदवीला नावही आपणच द्यायचं. हेस्टरने थोडं संगीत, थोडं शरीरशास्त्र आणि बरेचसे अंत्यविधी एकत्र बांधले आणि नाव ठेवलं 'श्वास, सूर आणि निरोप'. पदवी मंजूर करणाऱ्या समितीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटे जीवशास्त्राचे व्हिटकोम सर कडाडले, "पगार कोण देणार हिला? प्रेतं?"

पण नोकरी लागली, आणि नुसती लागली नाही, तिने हेस्टरचं आयुष्य भरून टाकलं. मरणाऱ्याच्या छातीकडे बघत ती गायची. श्वास सुटला की ओळ संपवायची, श्वास मंदावला की गाणंही मंद करायची, अडकला तर थांबून राहायची. घाबरलेली माणसं हळूहळू सैल पडत. दर शरद ऋतूत कॉलेज तिला नव्या मुलांच्या पालकांपुढे उभं करी. बघा, स्वतः रचलेल्या पदवीने कसं सोनं होतं! तीही भाबडेपणाने तसंच सांगायची, कारण ते खरंच होतं. पण ज्या कामाला दुसरीकडे कुठेच नाव नाही ते गेलं, तर माणसाने दार कुणाचं ठोठावायचं, हे तिला एकाही पालकाने विचारलं नव्हतं.

कॉफी तशीच टाकून ती वर गेली. कोपऱ्यातल्या खोलीत आठवड्यापासून व्हिटकोम सरच होते. हाडं तेवढी उरली होती, जीभ मात्र शाबूत होती.

"चेहरा का पाडलायस? मरतोय मी."

"काढलं मला, सर. आता माझी रेकॉर्ड केलेली गाणी लावणार. आजचा दिवस शेवटचा."

सरांनी मान तिच्याकडे वळवली. "मी तुझ्या पदवीला नाही म्हणालो होतो."

"प्रेतं पगार देणार का, म्हणाला होतात."

"मग? दिला?"

"कालपर्यंत अगदी वेळेवर."

ते हसायला गेले आणि खोकल्याने वेडेवाकडे झाले. तिने त्यांना उठवून धरलं. दम परत आल्यावर ते म्हणाले, "माझ्या वेळी तूच ये. तो भोंगा नको. मला भीती वाटते गं, हेस्टर."

"येईन, सर. नक्की येईन."

रविवारी दुपारी ती इतर भेटायला येणाऱ्यांसारखी नाव सांगून आत गेली. सर शुद्धीवर नव्हते. त्यांची मुलगी कोरिना आदल्या रात्री ओरेगॉनहून येऊन पोचली होती. कुणी जुनी विद्यार्थिनी आली, एवढंच तिला समजलं. उशाशी ठेवलेल्या यंत्रातून हेस्टरचाच आवाज गात होता, एका चालीत, एका वेगात. सरांचा श्वास त्याच्या फार मागे पडला होता. ते धडपडत होते, त्यांना कुणी थांबून बरोबर घ्यायला हवं होतं. हेस्टरचा हात यंत्राच्या बटणाकडे गेला.

"नका, बंद नका करू!" कोरिना कळवळली. "आल्यापासून मी याच्याच आधारावर बसलेय. बाबा कसे तळमळत होते. हे लागल्यावर शांत पडले बघा. निदान सुखाने चाललेत."

शांत कुठले, ते थकले होते. पण ते सांगितलं असतं, तर या पोरीला उरलेला जन्म ते ओझं घेऊन काढावा लागला असता. हेस्टरने हात मागे घेतला आणि सरांचं मनगट धरलं.

"किती मायेचा आवाज आहे," डोळे पुसत कोरिना म्हणाली. "कोण हो ही?"

"इथंच असायची."

कोरिनाने डोळे मिटले आणि गाण्याबरोबर ती मंद डोलू लागली. सरांचा श्वास अडकला. सवयीने मनातल्या मनात गाणारी हेस्टर थांबली. यंत्र थांबलं नाही, ते पुढच्या कडव्यात शिरलं. श्वास काही परत आला नाही.

मनगट हातात धरून हेस्टर बसून राहिली. गाणं संपू दिलं, आणि मग तिने कोरिनाला हलकेच हाक मारली.