कोणाच्या नावाने उदक

गेले काही सोमवार माझी सून नम्रता भल्या सकाळी आंघोळ करून बाहेर पडते. विचारलं तर योगाचा क्लास लावलाय म्हणते. योगाला साडी नेसून कोणी जात नाही, एवढं मलाही कळतं.

संशय त्याआधीचाच. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की ती आणि माझा मुलगा योगेश बोलता बोलता गप्प होत. फोन आला की ती गॅलरीचं दार ओढून घेई. त्यात दोघांनी माझ्या उपासांमागे लकडा लावलेला: सोमवार सोडा, प्रदोष सोडा. रोज संध्याकाळी महादेवापुढे वात लावल्याशिवाय मी जेवत नाही, तेही त्यांना खुपायला लागलेलं. म्हटलं, आधी माझे नेम मोडायचे आणि मग मला एखाद्या आश्रमात नेऊन ठेवायचं, असा काहीतरी बेत शिजतोय.

या सोमवारी मी तिच्या मागोमाग निघाले. शनिवार पेठेतून ती नदीकडे वळली आणि चक्क माझ्याच महादेवाच्या देवळात शिरली. मी संध्याकाळी जाते, म्हणून हिने सकाळ धरली. मी सभामंडपात खांबाआड उभी राहिले. देवासमोर असं चोरून उभं राहायला लाज वाटत होती, पण कान गाभाऱ्याकडेच.

अभिषेकाच्या संकल्पाची तयारी चालली होती. कोणासाठी आणि कशासाठी, ते तिथे मोठ्याने सांगावं लागतं. तिथे लपवाछपवी चालत नाही.

गुरुजींनी तिच्या हातावर पाणी घातलं. "नाव इंदुमतीच ना? गोत्र कळलं का?"

माझंच नाव.

"नाही हो गुरुजी. ह्यांनाही ठाऊक नाही. आईंना विचारलं तर त्यांना संशय येईल."

कोर्टात लग्न केलेल्यांना गोत्र कुठून ठाऊक असणार.

"मग याही वेळी काश्यप धरू. माहीत नसलं की तेच धरतात," म्हणत गुरुजींनी संकल्प सुरू केला. व्याधिपरिहार ऐकलं, दीर्घायुष्य ऐकलं. वयाप्रमाणे करतात म्हणून योगेशने मध्यंतरी माझ्या तपासण्या करवून घेतल्या होत्या. सगळं नॉर्मल आहे म्हणाला, तेव्हा तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

मी आत गेले आणि उदक सोडायच्या आधीच तिचा हात धरला.

"अगं, आपलं गोत्र वसिष्ठ. भलत्याच इंदुमतीला बरी करशील."

ओंजळीतलं पाणी साडीवर सांडलं. ती काहीतरी सांगू लागली, पण रडूच आलं तिला.

"रिपोर्ट घरी गेल्यावर दाखव," मी म्हटलं. "आधी हे नीट होऊ दे."

गुरुजींनी पुन्हा पाणी दिलं. तिच्या कोपराला हात लावून मी शेजारी बसले, आणि या वेळी नाव, गोत्र मीच सांगितलं.