एलियाच्या बंदुकीची खुंटी

"बैल हळू हाक, मार्थे," गाडीच्या चाकाआडून चालणारा एलिया पुटपुटला. "कळप कुटं हाय?"

"म्होरंच हाय की. बगा ना," मार्था बोलून गेली आणि तिला जीभ चावावीशी वाटली.

एलियाच्या डोळ्यांवर पडदा आला होता. वस्तीवर हे फक्त मार्थाला ठाऊक होतं, आणि नवराबायको दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

माणूस दिसला की हरणं धूम ठोकतात, पण बैलगाडीला भीत नाहीत. रोज शेतातून जाणारी गाडी त्यांच्या ओळखीची असते. म्हणून एलिया गाडीच्या आडोशानं कळपाजवळ जायचा आणि मार्था गाडी हाकायची. लग्न झाल्यापासून हा जोडधंदा चालला होता. ठासणीची बंदूक भरायचीही तीच. दारू, चिंधी, शिसं, सगळं गजानं ठोकून बसवायची. "बायको ठासते, म्हनून माजा बार हुकत न्हाई," असं एलिया ख्रिस्ती देवळाच्या पायरीवर बसून चारचौघांत सांगायचा.

पण गेल्या दोन खेपा बार हुकला होता. लढाईचे दिवस, ज्वारी रेशनवर मिळायची आणि तीही किडकी. एक काळवीट पडलं की वस्तीवरच्या बाया मांसाच्या पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून दोरीवर वाळवत. या चान्यांनी घरोघरची मडकी भरली की उन्हाळाभर भाकरीबरोबरच्या कोरड्यासाची ददात नसे. यंदा मडकी रिकामी होती. शेवटी वस्तीचा पंच फिलिप म्हणाला, "एलिया, वस्तीची बंदूक आता माज्या पुतन्याला दे."

फिलिपचा पुतण्या समोर येईल ते मारणारा. एलियानं जन्मात हरणीवर बंदूक रोखली नव्हती. तो ताठ मानेनं म्हणाला, "ह्या खेपेला काळवीट न्हाई आनलं, तर म्याच आनून देतो बंदूक."

म्हणून आजची ही खेप. गोरक्षनाथ पाटलाचा हरभरा घाट्यावर आलेला आणि हरणं त्यात मनसोक्त चरत होती. पाटलानंच वैतागून गाडी दिली होती.

गाडी थांबली. एलियानं बंदूक खांद्याला लावली.

"काळं कंचं?"

"बाभळीच्या डाव्या अंगाला. मान वर काढून हुबं हाय."

नळी फिरली आणि एका तांबूस हरणीवर जाऊन थांबली. तिचं पोट भरलेलं होतं.

"आवो, ती न्हाई! गाभनी हाय ती!"

नळी पुन्हा हलली, भिरभिरली, आणि पुन्हा तिथंच आली.

"आता?"

मार्थानं गाडीवरून वाकून नळी बाजूला सारली. एलिया समजला. त्यानं बंदूक सावकाश खाली घेतली. क्षणभर त्याचा चेहरा असा झाला, की मार्थाला त्याच्याकडं बघवेना.

"खाली उतर," तो म्हणाला. "कासरा मला दे."

"म्या मारू? आवो, खुळं का काय!"

"एवढी वरसं ठासली कुनी? गाडीवरनं माजा नेम बगितला कुनी? मला बैल दिसत्यात, तेवढं बास हाय."

बंदूक तिच्या हातात देऊन तो गाडीवर चढला. बैल पुन्हा संथ चालू लागले. मार्थानं पदर खोचला, चाकाआडून चार पावलं टाकली, श्वास धरला आणि चाप ओढला. धूर निवळला तेव्हा कळप उड्या मारत माळावर पसार झाला होता. बाभळीखाली काळवीट आडवं पडलं होतं.

"पडलं?"

"पडलं."

"हरनी न्हाई ना?"

"न्हाई वो. काळंच हाय!"

एलिया एवढ्या मोठ्यानं हसला, की बैलही बुजले.

परत येताना मार्था म्हणाली, "कुनाला सांगायचं न्हाई. बार तुमचाच."

वस्तीवर नुसता जल्लोष झाला. रीत अशी होती, की वाटे पडण्याआधी निखाऱ्यावर काळीज भाजायचं आणि ज्याचा बार लागला त्याला सगळ्यांसमोर द्यायचं. फिलिपनं पळसाच्या पानावर काळीज घेतलं आणि एलियापुढं धरलं.

"घे गड्या. बोललो त्ये मागं घेतो."

एलियानं पान घेतलं. मग दुसऱ्या हातानं चाचपत मार्थाचा हात शोधला आणि पान तिच्या हातावर ठेवलं.

"ह्ये हिचं. बार हिचा हाय. मला काळं-तांबडं कळंना झालंय, लपवून काय करू?"

मार्थानं मान खाली घातली. फिलिप चाचरत म्हणाला, "आरं, पन बाई मानूस..."

"व्हय, बाई मानूस! माजी बायको हाय ती. एका बारात पाडलंय तिनं. बंदूक ह्या घरातनं हलायची न्हाई." छाती पुढं काढून तो हे बोलला. स्वतःच्या पहिल्या शिकारीचाही त्याला एवढा अभिमान वाटला नव्हता.

मार्थानं सगळ्यांसमोर काळीज खाल्लं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी अंगणात दोऱ्यांवर चान्या वाळत होत्या. मार्था आत आली तर एलिया भिंतीतली बंदुकीची खुंटी उपटत होता.

"हात वर कर," तो म्हणाला.

तिनं केला. तिची बोटं जिथं पोचली तिथं त्यानं चाचपून हात ठेवला आणि दगडानं खुंटी ठोकली. वर जुन्या जागी भोक राहिलं. मार्था ते लिंपायला माती कालवू लागली.

"ऱ्हाऊ दे," एलिया म्हणाला. सवयीनं त्याचा हात त्या भोकापर्यंत गेला, थोडा वेळ तिथंच राहिला. मग हात खाली आणून त्यानं नवी खुंटी हलवून पाहिली. ती घट्ट बसली होती.